पावाच्या गाडीतली माणसं

७ मार्च

प्रिय छोटे,

पोरं सुखरूप पोचली, सामान पोचलं, आणि तुझ्या लेकीनं पायातले बूट काढायच्या आधी आमच्या दारावरच्या पाटीतली चूक काढली. 'शीलाईकाम' मध्ये शि पहिली पाहिजे म्हणे. गेली कित्येक वर्षं त्या पाटीखालून अख्ख्या वस्तीचे गणवेश शिवून गेले, कुणाला दिसली नाही. आमच्या जुळ्यांनी तिथल्या तिथं तिचं नाव मास्तरीण ठेवलं. ती खूश आहे. सख्ख्या बहिणीची पाटी रंगवायला तुला कधी वेळ झाला नाही, म्हणून ही वेळ आली, हे मात्र तुला ऐकून घ्यावं लागेल.

आता घरात सहा पोरं झाली. माझी थोरली, जुळे, आणि धाकटी. शिवाय तुझी मास्तरीण आणि तुझा भोपळा. भोपळा म्हटलेलं त्याला चालतं, मी विचारून घेतलं. पाच वर्षांच्या माणसाला विचारलेलं बरं.

रविवारी ह्यांचे सकाळचे पाव पोचवून झाले की बेकरीची गाडी आमचीच असते, मालकांची ना नाही. तशी परवा सगळ्यांना घालून तळ्यावर गेलो. मागं खिडक्या नाहीत, उलट्या क्रेटवर बसायचं, आणि सगळीकडं ताज्या पावाचा वास. पोरांना याहून काय पाहिजे. तळ्यावर जुळ्यांनी एकाचा बूट होडी म्हणून सोडला. तो वाऱ्यानं आत गेला. हे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले आणि दुसऱ्याच पावलाला कंबरेपर्यंत गायब झाले. बूट मिळाला. त्यांची चप्पल मिळाली नाही. भोपळा एवढा हसला की त्याला उचकी लागली.

तेव्हा तू नुसती बरी हो. शिडीवरून पडलेल्या माणसानं दुसऱ्यांच्या मुलांची काळजी करू नये, आणि सध्या ती माझी आहेत. तुझे हे बोटीवरून उतरेपर्यंत आणि तू पलंगावरून उतरेपर्यंत.

तुझी,
ताई


१६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि शेजारच्या पलंगावरच्या आजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या पोस्टात होत्या. लोकांची पत्रं आयुष्यभर हाताळली, पण ऐकायला आता मिळताहेत म्हणतात. भाऊजी पाण्यात गेले तिथं त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

माझं छान चाललं आहे. खोलीला मोठी खिडकी आहे. भिंतींचा हिरवा मात्र कुणी निवडला त्याला एकदा भेटायचं आहे. तोंड धुतलं तरी माणूस आजारी दिसतो असा हिरवा. सकाळ-संध्याकाळ व्यायामवाल्या बाई येतात. कडक आहेत, हसल्या तर फी वाढेल असं वाटतं. पण काम चोख. आता मी कठडा धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. थोड्या दिवसांत काठीवर येईन.

भोपळा नीट जेवतो का? त्याला भाताचा ढीग सपाट करून द्यावा लागतो, डोंगर केला की तो खात नाही. मास्तरणीचे केस ओढू नकोस, ती सांगणार नाही पण तिला दुखतं. माझी आठवण काढतात का? काढत नसतील तर उत्तमच.

एक ऐक. त्यांना इकडं आणायचं मनात आणू नकोस. प्रवास लांबचा, इथं औषधांचा वास, कण्हणारी माणसं. मी चालत येईन तेव्हाच त्यांना भेटेन.

तुझी,
छोटी


२ एप्रिल

प्रिय छोटे,

तू चालतेस हे वाचून मी मशीन थांबवलं आणि रडून घेतलं. गिऱ्हाईक समोर होतं. तिला वाटलं कापड खराब झालं.

या रविवारी टेकडीवरच्या मनोऱ्यावर गेलो. मी डोकी मोजत होते, चढताना सहा, वर सहा, उतरताना सहा. गाडीत बसलो, निम्म्या वाटेत थोरली म्हणाली, "आई, आपण सात आहोत." मागं वळून बघते तर एक अनोळखी मुलगा मजेत पाव खातोय. हे गाडी थांबवून म्हणाले, "तू कुणाचा रे?" तो म्हणाला, "मी त्यांच्यातला," आणि परत टेकडीकडं बोट दाखवलं. पावाच्या वासानं चढला होता बिचारा. वळवून नेलं, तर त्याची आई त्याच्या नावानं हाका मारत होती आणि बाप आमच्या गाडीचा नंबर आठवत होता. मास्तरणीनं पुढं होऊन सगळी हकीकत इतकी मुद्देसूद सांगितली की त्या बाईंनी तिलाच धन्यवाद दिले.

भोपळ्याची एक गंमत सांगते. परवा जेवताना ताट पुढं करून मला म्हणाला, "आई, अजून वाढ." आम्ही सगळे हसलो. म्हणजे बघ किती रमलाय. दोघं आमच्यातलीच झालीत. तू अगदी निर्धास्त राहा.

तुझी,
ताई


१० एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. मुलं रमली हे बरं झालं.

मी विचार केला. मला इथं बराच वेळ लागेल. जूनपासून दोघांची नावं तिकडच्या शाळेत घाल. अर्ध्या वर्षात शाळा बदलण्यापेक्षा सुरुवातीपासून तिथं असलेली बरी. तुझ्याकडं त्यांना भावंडं आहेत, सहली आहेत, सगळंच आहे. लहान मुलं लवकर रुळतात, आपणच उगाच मधे मधे करतो. पुढचंही मग पुढं बघू.

मला रोज लिहायला जमेलच असं नाही. हात दुखतात.

छोटी


८ मे

प्रिय छोटे,

मधे दोन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. तुझ्या 'पुढचंही मग पुढं बघू' वर मी महिनाभर विचार करतेय. आधी वाटलं तू थकली आहेस. मग काल थोरलीनं ते पत्र वाचलं आणि मला म्हणाली, "आई, तू मावशीला फक्त हसण्याच्या गोष्टी कळवतेस. तिला वाटत असेल इथं कुणाला तिची गरजच नाही." चौदा वर्षांची पोर मला शिकवते. तर आता जे झालं ते सगळं सांगते.

तळ्यावर भोपळा हसला नाही. तो गाडीतून उतरलाच नव्हता. क्रेट धरून बसला होता. मनोऱ्यावरही आला नाही, वर पाचच डोकी होती, हे त्याच्यासोबत खाली बसून राहिले. शिडी, जिना, कठडा, जिथं म्हणून उंच चढायचं तिथं तो जात नाही आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नाही. धाकटी पलंगावर उभी राहिली तरी तिचा झगा ओढून खाली बसवतो.

ते 'आई, अजून वाढ' म्हणाला ना, आम्ही हसलो, पण तो हसला नाही. त्यानं ताट खाली ठेवलं आणि टेबलाखाली जाऊन बसला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही मला हाक मारायची वेळ आली की नुसता पदर ओढायचा. चुकून पुन्हा तो शब्द निघेल अशी त्याला धास्ती. हे मी तुला लिहिलं नाही. तू तिथून काय करणार होतीस, असं मला वाटलं.

गेल्या रविवारी मास्तरणीनं सहलीची जागा ठरवली. म्हणाली, "मला सगळ्यांना आईच्या पाट्या दाखवायच्या आहेत." ह्यांनी गाडी तुमच्या गावभर फिरवली. घड्याळवाल्याची, दोन औषधांच्या दुकानांची, सायकलवाल्याची. प्रत्येक ठिकाणी सगळी खाली उतरायची आणि मास्तरीण सांगायची, हे अक्षर आईनं रात्र जागून बदललं, हा निळा तिला स्वतःला आवडला नव्हता. जुळे, जे माझं ऐकताना जांभया देतात, ते तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

मग आम्ही लाँड्रीपाशी आलो. मला लक्षात यायला पाहिजे होतं. पाटी अजून तशीच आहे गं. 'लाँ' रंगवलेलं, पुढचं नुसतं पेन्सिलीनं आखलेलं. भोपळ्यानं गाडीच्या दारातून वर बघितलं आणि असा ओरडला की लाँड्रीवाले इस्त्री टाकून बाहेर धावले. "आई वर आहे. तिला खाली घ्या." तेवढंच पुन्हा पुन्हा.

नंतर ह्यांच्या मांडीवर बसून त्यानं सांगितलं ते असं. तू पडलीस हे त्याला आपण सगळ्यांनी सांगितलं. पण तुला खाली आलेलं त्यानं बघितलंच नाही. त्या दिवशी सकाळी त्यानं तुला शिडीवर बघितलं होतं, शाळेत जाताना. तेव्हापासून त्याच्या डोक्यात तू वरच आहेस. पाटी पुरी झाल्याशिवाय तू उतरणार नाहीस, आणि कुणी ती पुरी करत नाही. दोन महिने तो हे घेऊन आमच्याबरोबर सहली करतोय. आम्ही त्याला पाव देतोय आणि हस म्हणतोय.

आता सांग, तुझी गरज नाही?

उत्तर पाठव. एक ओळ पाठव.

ताई


१५ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र आजींना वाचून दाखवता आलं नाही. त्यांनीच माझ्या हातातून घेतलं, वाचलं, आणि वही-पेन माझ्या मांडीवर ठेवलं.

मी चालत नाही ताई. कठडा धरून त्या टोकापर्यंत वगैरे काही नाही. मी चाकांच्या खुर्चीत आहे. उजव्या पायात जोर येतोय, डाव्यात फारसा नाही. व्यायामवाल्या बाई मला दोन बारांच्या मधे उभं करतात, दोन्ही बाजूंनी धरून, आणि मी पाणी पिऊन होईल एवढा वेळ उभी राहते. डॉक्टर म्हणतात काठीवर येशील, पण कधी ते सांगता येत नाही, आणि डावा पाय ओढत चालशील. हे मार्चमध्येही असंच होतं. तुला सांगितलं असतं तर तू मशीन बंद करून इथं येऊन बसली असतीस, म्हणून नाही सांगितलं. आणि मुलांना खुर्चीतली आई बघू द्यायची नव्हती. त्यांची आई शिडीवर चढणारी होती.

भोपळा तुला आई म्हणाला ते वाचलं आणि मला वाटलं, झालं, जागा भरली. तुझ्यावर राग आला. मग राग आला म्हणून लाज वाटली, आणि मग काही लिहिणंच होईना. तू जेवढं हसवत होतीस तेवढी मी इथं भिंतीकडं तोंड करत होते. तुझा दोष नाही. मी खोटं चालत होते आणि तू खोटं हसवत होतीस, मग दोघींना एकमेकींचं काय दिसणार.

त्याला सांग, आई खाली आहे. कसं सांगायचं ते मला सुचत नाही. मी इथं पडून नुसती तेवढाच विचार करते आहे.

छोटी


१९ मे

छोटे,

सांगून त्याला पटणार नाही, त्याला बघायचं आहे. येत्या रविवारी आम्ही सगळे येतोय. विचारत नाही, कळवतेय. बेकरीच्या मालकांनी गाडी दिवसभर दिली आहे. व्यायामवाल्या बाईंना मी निराळं पत्र टाकलंय, त्यांची परवानगी आली की तुला गाडीत घालून बाहेर नेणार. खुर्चीसकट.

मुलांना मी खुर्चीचं सांगितलं. जुळ्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला, उतारावर किती जोरात जाते.

केस विंचरून बस.

ताई


२८ मे

प्रिय ताई,

तुम्ही गेल्यापासून वॉर्ड सुना झाला आहे. आजी दर थोड्या वेळानं विचारतात, "ते जुळे पुन्हा कधी येणार?" त्यांच्या पलंगाचं हँडल जुळ्यांनी फिरवून फिरवून त्यांना बसती-आडवी केलं ते त्यांना फार आवडलं.

तू होतीसच तिथं, तरी लिहिते. माझ्या बाजूनं ते कसं होतं हे तुला कुठं माहीत आहे.

आधी मला गाडीचा आवाज आला. मी आरशात बघितलं आणि वाटलं, नर्सला सांगावं, मला ताप आहे, कुणाला सोडू नका. तेवढ्यात मास्तरीण दारात. तिनं माझ्याकडं बघितलं, मग दारावरच्या पाटीकडं, आणि म्हणाली, "आई, 'भेटण्याची' मधला ण्य चुकवलाय यांनी." आणि मग पळत येऊन माझ्या मांडीत डोकं खुपसलं. तिचे केस तू सैल बांधले होतेस. मी बघितलं.

भोपळा तुझ्या मागं. माझ्या तोंडाकडं बघेना, पायांकडं बघत होता. मग खुर्चीभोवती एक फेरी मारली. वाकून खालूनही बघितलं.

"तुला खाली कुणी आणलं?" त्यानं विचारलं.

"मी स्वतःच आले रे. जरा घाईनं आले, म्हणून लागलं."

"मग वर कोण आहे?"

"वर कुणी नाही."

यावर त्यानं बराच वेळ घेतला. तुम्ही कुणी मधे बोलला नाहीत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. भाऊजींचं तोंड उघडलं होतं, तू त्यांच्या पायावर पाय दिलास, तेही बघितलं.

"ही खुर्ची तुझी की दवाखान्याची?"

"दवाखान्याची. मी चालायला लागले की परत द्यायची."

"आणि नाही लागलीस तर?"

ताई, हा प्रश्न मला इतक्या महिन्यांत कुणीच विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, तू नाही, मी स्वतःलाही नाही. मी म्हटलं, "मग आपण आपली घेऊ."

"लाल घेऊ," तो म्हणाला, आणि माझ्या मांडीवर चढून बसला. केवढा जड झालाय. तू याला काय घालतेस?

नंतर भाऊजींनी गाडीला ट्रे चढवायच्या फळ्या लावल्या आणि मला पावाच्या रॅकसारखं वर ढकललं. आत अंधार, ताज्या पावाचा वास, सगळी क्रेटवर, मधे मी. थोरलीनं दोन्ही चाकं पायांनी अडवून धरली होती आणि जुळ्यांना वाटेत खुर्ची सुटावी असं मनापासून वाटत होतं. मला रंगाच्या वासाखेरीज दुसऱ्या कुठल्या वासानं इतकं बरं वाटल्याचं आठवत नाही.

नदीवर खुर्ची वाळूत रुतली ती तुझ्या हट्टामुळं, हे इथं लिहून ठेवते. पाण्याजवळ जाऊ या, जवळ जाऊ या. एक चाक आत गेलं, खुर्ची कलली, आणि भाऊजी सवयीनं ओरडले, "सगळे खाली उतरा." मी म्हटलं, "भाऊजी, मी कशी उतरू?" ते असे गोरेमोरे झाले. मग तू म्हणालीस, "उतर की. आम्ही धरतो."

एका बाजूला तू, एका बाजूला थोरली. बार नाहीत, बाई नाहीत, पायाखाली वाळू. मला वाटलं होतं मी पडेन. डावा पाय थरथरत होता, पण मी उभी होते. भाऊजी आणि जुळे खुर्ची ओढत होते, मास्तरीण सूचना देत होती, धाकटी त्या खड्ड्यात आणखी वाळू टाकत होती.

भोपळा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "हलू नकोस," म्हणाला. स्वतःच्या डोक्यावर हात सपाट ठेवला आणि तसाच सरळ माझ्या पोटावर टेकवला.

"इथं आलो. आधी इथं होतो," असं म्हणून हात थोडा खाली आणला. "मी वाढलो. तू तेवढीच आहेस."

मी खुर्चीतून त्याला सकाळपासून बघत होते. तो माझ्या खांद्याला खांदा लावून दिसत होता. तो किती वाढला हे उभं राहिल्यावर कळलं.

खुर्ची निघाल्यावर तू म्हणालीस, "बस आता." मी म्हटलं, "थोडं थांब." तुझा हात माझ्या काखेत आणखी घट्ट झाला. एवढंच सांगायला हे पत्र.

व्यायामवाल्या बाईंना सांगितलं. रागावल्या. वाळूत उभं करतात का, म्हणाल्या. मग संध्याकाळी बारांमधे नेलं तेव्हा एका हाताचा आधार काढून घेतला आणि म्हणाल्या, "वाळूत जमतं तर इथंही जमेल." त्या हसल्या, ताई. फी वाढली नाही.

तुझी,
छोटी


१२ जून

प्रिय छोटे,

डॉक्टरांचं पत्र आलं. तुला सोडताहेत आणि उरलेला व्यायाम इथल्या दवाखान्यात चालेल. थेट आमच्याकडं यायचं. तुझ्या जिन्याच्या घराचं नंतर बघू. ह्यांनी मधल्या खोलीची चौकट काढून दार रुंद केलं. चौकट काढली तेव्हा थोडी भिंतही आली, पण हवा खेळती झाली असं ते म्हणतात. माझं मशीन पुढच्या पडवीत गेलं. उजेड चांगला आहे, उलट आधीच हलवायला हवं होतं.

शाळेत दोघांची नावं घातली. तू सांगितलं होतंस म्हणून नाही, शाळा जवळ आहे म्हणून. अर्जावर पालक म्हणून तुझं नाव आहे. भोपळ्यानं ते मास्तरणीकडून वाचून घेतलं.

तो आता मला मावशी म्हणतो. मोठ्यानं, गल्लीच्या टोकापासून. काल जुळ्यांच्या मागोमाग पडवीच्या कठड्यावर चढला, एकदा खाली बघितलं आणि उतरला. पण चढला. मी खिडकीतून बघत होते, बाहेर गेले नाही. हातातली सुई बोटात गेली.

एवढ्या माणसांत तुला शांतता मिळणार नाही. जेवताना ताट धरून ठेवावं लागेल आणि न्हाणीसाठी रांग. तुला राग येईल, मलाही येईल, मी मोठी आहे म्हणून मी आधी बोलेन. आता मात्र जे असेल ते तोंडावर सांगायचं. पत्रात लपवायला जागा फार असते.

येत्या रविवारी तुला न्यायला येतोय. गाडीत तू, खुर्ची आणि तुझं सामान आलं की जागा उरत नाही, म्हणून मी म्हटलं होतं की निम्मी पोरं घरी थांबतील. कोण थांबणार यावर दोन दिवस भांडण चाललं. शेवटी ह्यांनी सगळे क्रेट बेकरीत परत केले. आम्ही सगळेच येतोय, उभ्यानं.

तुझी,
ताई